सहा घरांची चिठ्ठी

त्या राज्यात कुणाला “तू काय करतोस?” असं विचारायची पद्धत उरली नव्हती. “तुझ्यात कोणतं अक्षर आहे?” एवढंच विचारत, आणि उत्तर ऐकून एकतर खुर्ची पुढे करत, नाहीतर तोंड फिरवत.

राज्य शब्दांचं होतं, इंग्रजी शब्दांचं. पूर्वी तिथे प्रत्येकाला आपापलं काम असे. बाहेरच्या जगात कुणाला तहान लागली की वॉटर उठून जाई. ब्रेड भुकेल्याकडे जाई. कुणाच्या हातून चूक झाली की सॉरी मान खाली घालून निघे आणि बहुतेक वेळा उशिरा पोचे. हाक गरजेची असे, आणि ज्याची गरज तो जाई. आपल्या अंगात बरगड्या किती हे जसं कुणी मोजत बसत नाही, तशी आपल्यात अक्षरं कोणती आणि किती हेही तेव्हा कुणी मोजलं नव्हतं.

मग खेळ आला. खेळाला कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या मागण्या तेवढ्या येत. आधी त्या दुपारच्या जेवणानंतर तासभर येत. “झेड असलेला पाच घरांचा कुणी आहे का?” घर म्हणजे एका अक्षराची जागा. एखादा हसत पुढे होई आणि गंमत संपली की आपल्या कामाला लागे. एवढ्यावर राहतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण तासाचा दिवस झाला. मागण्यांसाठी चावडी बांधली गेली. जे, क्यू, एक्स आणि झेड ही चार अक्षरं थोड्यांच्याच वाट्याला आली होती, म्हणून ती मानाची ठरली आणि खेळाने प्रत्येक अक्षराला लावलेल्या गुणांत सगळ्यात जास्त गुण त्यांना मिळाले. ती अंगात असावीत म्हणून त्या शब्दांनी कसले कष्ट उपसले नव्हते, ती जन्माबरोबर आली होती. पण त्यांचा तोरा असा, की जणू घाम गाळून मिळवली. त्यांना टेकडीवर घरं मिळाली. बाकीच्यांना उतारावर.

सगळ्यात खाली, बांबूच्या कुंपणाआड, बारक्यांची आळी होती. दोन-तीन अक्षरांचे शब्द तिथे राहत. इन, ऑफ, इज, टू आणि त्यांची भावंडं. चावडीच्या चिठ्ठीवर घरं छापली होती ती चारपासून पुढे, त्यामुळे बारके मोजणीतच नव्हते. बाहेर कुणी तोंड उघडलं की यांच्यातले दोघे-चौघे तरी तिथे राबायला हजर असत, आणि तरी त्यांना रिकामटेकडे म्हणत. त्यांच्यात वयाने मोठा होता अँड. दोघांच्या मध्ये जाऊन बसायचं आणि दोघांचे हात धरायचे, हे त्याचं काम. भांडून पाठ फिरवलेल्या दोघांनाही तो एका चटईवर आणून बसवी. एकदा धरलेला हात तो सोडत नसे.

रोज सकाळी चावडीवर एक अक्षर टांगलं जाई. ज्यांच्यात ते असे, त्यांनी ओट्यावर उभं राहायचं. ज्यांच्यात नसे, त्यांनी समोरच्या लांब भिंतीकडे तोंड करून, ओट्याकडे पाठ करून, मोजणी संपेपर्यंत उभं राहायचं. मागे वळायचं नाही, बोलायचं नाही. टेकडीवरच्यांना मात्र त्यांचा दिवस नसला तरी सावलीत बसायची मुभा होती. हे सगळं इंडेक्स बघे. तो चावडीचा कारकून. कामात तसा बेताचाच, पण त्याच्या शेवटी एक्स होता, आणि तेवढं पुरलं.

टेकडीवर एक नवी चाल पडली होती. तिथले शब्द अंगावर जाड शाल घेऊन बाकीची सगळी अक्षरं झाकत आणि मानाचं तेवढं उघडं ठेवत. क्यूवाल्यांच्या क्यूमागे यू जन्मभर उभा असतो. तोसुद्धा शालीखाली गेला, कुणाला आठवेनासा झाला. उघडं अक्षर रोज सकाळी तेलाच्या बोळ्याने घासून चकचकीत करायचं आणि तेलकट बोळे उतारावरून खाली भिरकावायचे, असा दिनक्रम. बोळे घरंगळत येऊन बारक्यांच्या आळीच्या फाटकाशी थांबत. तिथे त्यांचा पुरुषभर ढीग झाला होता. अँडने दोनदा चावडीत जाऊन सांगितलं. दोन्ही वेळा त्याला विचारलं गेलं की तुझी अक्षरं किती, आणि तीन म्हटल्यावर परत पाठवलं.

आळीच्या तोंडाशी फायर राहत असे. चार अक्षरांची, म्हणजे मोजणीत येणारी, पण जेमतेम. तिचं काम एकच. कुठे आग लागली की तिने ओरडायचं. आणि तिचा धाकटा दीर क्वेंच याने धावत जाऊन ती विझवायची. एकेकाळी दोघांची घरं समोरासमोर होती. ती ओरडली की तो हातातला घास ताटात टाकून निघे, मागे वळून “वहिनी, कुठे?” एवढं विचारी, आणि तिने हात दाखवला की पळत सुटे. पुढे चावडीवाल्यांना कळलं की त्याच्यात क्यू आहे. चौघे येऊन त्याला सामानासकट टेकडीवर घेऊन गेले. जाताना तो म्हणाला होता, “वहिनी, हाक मारलीत की येतोच.” त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

त्या दिवशी चावडीवर क्यू टांगला होता. ऊन रणरणत होतं. ओट्यावर क्यूवाले शाली सावरत उभे होते आणि भिंतीकडे तोंड करून बाकीचं राज्य उभं होतं. मोजणीच्या वेळात बारके पायांत येऊ नयेत म्हणून इंडेक्सने नेहमीप्रमाणे आळीच्या फाटकाला बाहेरून कडी घातली होती.

फायरला पहिल्यांदा वास आला. जळक्या तेलाचा. तिच्या कामाचा वास तो, तिला तो ओळखायला वेळ लागला नाही. नियम मोडून ती वळली. उताराखाली धूर उठत होता.

“फायर!” ती ओरडली.

भिंतीपाशी उभ्या असलेल्या शेकडो पाठी शहारल्या. पण एकही वळली नाही. मागे वळणाऱ्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या बाजूने म्हणता येईल ते इतकंच, आणि तेही पुरेसं नाही.

ती आळीकडे धावली. बोळ्यांचा ढीग उन्हाने तापून पेटला होता आणि ढिगाला लागून असलेलं फाटक धडाडून जळत होतं, बांबूचं कुंपणही दोन्ही बाजूंनी पेटत चाललं होतं. कडी लाल झाली होती. कुंपणाच्या फटीतून अँड दिसत होता. त्याने सगळ्या बारक्यांना अंगणाच्या मध्यावर गोळा केलं होतं आणि एकमेकांचे हात धरायला लावले होते.

“ताई, कडीला हात लावू नकोस, भाजशील!”

“अरे, मग तुम्ही बाहेर कसे याल?”

“तुझ्याच्याने ते उघडायचं नाही. क्वेंचभावजींना आण. ते आले की होईल सगळं. आम्ही आहोत इथेच, एकही सुटलेला नाही.”

ती उलट चढण चढून चावडीवर आली. क्वेंच ओट्यावर होता, तिच्यापासून वीस पावलांवर.

“भावजी! अहो भावजी, आळीला आग लागली!”

क्वेंचने इकडेतिकडे बघितलं. या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती, कितीतरी वर्षांत. टेकडीवर त्याला क्यूसाहेब म्हणत. ही हाक आपल्याला आहे की काय, असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने विचारायला म्हणून इंडेक्सकडे बघितलं. इंडेक्स मधे आला.

“बाई, ही काय हाक मारायची रीत झाली? कुणी हवा असेल तर चिठ्ठी भरा.”

तिने चिठ्ठी ओढून घेतली. सहा घरं. तिने सहाही घरांत सहा अक्षरं लिहिली, एकही न चुकता, आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. इंडेक्सने ती वाचली आणि फाडली.

“सगळी घरं भरलीत तुम्ही. म्हणजे शब्द तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असलेला शब्द शोधायचा कशाला? आजचं अक्षर तेवढं लिहायचं. बाकीची घरं रिकामी सोडायची.”

“अहो, तो समोर उभा आहे! आणि तिकडे पोरं जळतायत!”

“पोरं किती अक्षरी?”

“दोन. तीन,” फायर म्हणाली.

“मग ती मोजणीत नाहीत,” इंडेक्स म्हणाला, आणि त्याने दुसरी चिठ्ठी पुढे केली.

त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. हेच जास्त संतापजनक आहे. दुष्ट असता तर त्याच्या अंगावर धावून जाता आलं असतं, त्याची गचांडी धरता आली असती. तो फक्त चिठ्ठी घेऊन उभा होता, नीट दुमडलेल्या बाह्यांचा, स्वच्छ नखांचा. फायरने पहिल्या घरात क्यू लिहिला आणि पाच घरं रिकामी सोडली.

आता क्यूने सुरू होणारे सहा घरांचे शब्द ज्याच्या त्याच्या गुणांच्या उतरत्या क्रमाने दाखवायचे होते. आणि दाखवायचे ते मागणीच्या जागी नेऊन, असा नियम. पहिला मान क्वार्ट्झचा. तो मुळात गारगोटी, पण त्याच्यात क्यूही होता आणि झेडही, त्यामुळे त्याला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं होतं. खुर्ची शोधण्यात वेळ गेला. क्वार्ट्झला आगीसमोर ठेवलं. तो बसून राहिला.

“हाच का?” इंडेक्सने विचारलं.

“नाही!”

“मग इथे खूण करा.”

तिने खूण केली. खुर्ची परत वर गेली. तीच खुर्ची मग क्वर्कीला घेऊन आली. हा नावाप्रमाणेच चक्रम. त्याने आगीकडे पाठ करून एक गिरकी घेतली. पुन्हा “हाच का?”, पुन्हा खूण. तिसऱ्यांदा क्वॅक्स आले, म्हणजे भोंदू वैद्य. यांनी लगेच उपाय सांगितला. ज्वाळेकडे मान वाकडी करून बघितलं, पथ्य सांगितलं आणि सात दिवसांनी पुन्हा दाखवा म्हणाले. त्यांच्या खाली उतरण्याला आणि वर चढण्याला जितका वेळ लागायचा तितका लागलाच. शाली पायांत येत होत्या.

या सगळ्या वेळात कुंपणाआडून अँडचा आवाज येत होता. तो एकेकाचं नाव घेत होता. इन. ऑफ. टू. इज. प्रत्येक नावामागून एक बारीक “ओ” येई. क्वर्की परत गेला तोवर दोन नावांना ओ आली नाही. क्वॅक्स पथ्य सांगत होते तेव्हा आणखी पाच-सहांना. तरी अँड ती नावं गाळत नव्हता, सगळी घेत होता, आणि ओ येण्याइतकं थांबून मग पुढचं घेत होता.

चौथा क्वेंच.

खुर्ची खाली टेकली. तो उठून उभा राहिला आणि आगीकडे बघत राहिला. फायरने त्याचे दोन्ही हात धरले.

“भावजी, बघताय काय? विझवा!”

“वहिनी?” त्याने तिला ओळखलं होतं, एवढं खरं. “काय करायचं असतं इथे?”

“विझवायचं असतं! तुम्ही विझवणारे आहात, भावजी. तुम्ही तेच आहात!”

क्वेंचने कपाळाला आठ्या घातल्या. तो मनापासून आठवत होता, हे दिसत होतं. मग आठवलेलं त्याने सांगितलं.

“मी वीस गुणांचा आहे, वहिनी.”

फायरने त्याच्या अंगावरची शाल धरली आणि ओढून काढली. खाली पाच अक्षरं होती. वर्षानुवर्षं ऊन नाही, वारा नाही, हलणं नाही. अंथरुणाला खिळलेल्याचे पाय होतात तशी ती वाळली होती, पांढुरकी पडली होती. यू तर जागेवर आहे की नाही तेही कळत नव्हतं. क्वेंचने ती बघितली. आपली म्हणून त्याला ती ओळखू आली की काय कोण जाणे, पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कुंपणाआडून अँड म्हणाला, “इन.” ओ आली नाही. क्वेंचने एक पाऊल पुढे टाकलं. जुन्या सवयीने, हातातला घास टाकून निघाल्यासारखं. आणि दुसरं पाऊल उचलायला अंगात काही नसल्यामुळे तो तिथेच धुळीत कोसळला.

पडल्या जागेवरून त्याचा क्यू आगीच्या उजेडात झळाळत होता. इतका चकचकीत तो ओट्यावरही कधी दिसला नव्हता.

“अहो, झाका तो!” इंडेक्स धावत आला. “काजळी धरेल ना!”

त्याने शाल उचलून क्यूवर घातली. मग वळून फायरला विचारलं, “हाच ना? मग खूण करा. तुमची मागणी पुरी झाली.”

कुंपणाआडून आता नावं ऐकू येत नव्हती. जळायला काही उरलं नाही तेव्हा आग आपली आपण विझली. फायर आत गेली. राखेत काही वेगळं काढता येण्यासारखं नव्हतं. सगळे एकमेकांना धरून होते.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर न्याहारीच्या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं. क्वार्ट्झला म्हणायचं होतं की चहा गार आहे आणि पाव शिळा आहे. तोंडातून निघालं, “चहा. गार. पाव. शिळा.” मधलं कुणी आलंच नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. दुपारपर्यंत सगळ्या राज्यात हीच तऱ्हा झाली. ज्याला जे म्हणायचं त्यातला एकेक शब्द बाहेर पडे आणि दुसऱ्यापासून लांब जाऊन उभा राही. कुणाला कुणाशी जोडणारं, कशात काय आहे ते सांगणारं, कशाचं काय आहे ते सांगणारं आता कुणी नव्हतं.

इंडेक्सला घडल्या प्रकाराचा अहवाल लिहायचा होता. त्याने कागद घेतला. तीन तास बसून त्याला एक ओळ जमली नाही. शेवटी त्याने जे शब्द हाताशी होते ते एकाखाली एक लिहिले. क्वेंच. आळी. राख. फायर. मग त्याला बरं वाटलं, आणि त्याने ते गुणांच्या उतरत्या क्रमाने नव्याने लिहून काढले. क्वेंच सगळ्यात वर आला. कागद चावडीवर टांगला गेला. खेळाकडून शाबासकी आली. इतकी सुटसुटीत, इतकी स्वच्छ यादी आजवर कुणी पाठवली नव्हती.

क्वेंचला नवी शाल मिळाली, पहिलीपेक्षा जाड. बारक्यांची आळी आता नव्हती, आणि त्या राखेच्या बाजूला टाकलेल्या बोळ्यांची घाण वाऱ्याने वर येते अशी टेकडीची तक्रार होती. तेव्हा तेलकट बोळे टाकायला दुसरी जागा ठरली, जवळची, सोयीची. चावडीच्या मागची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी चावडीवर झेड टांगला होता. झेडवाले ओट्यावर होते, बाकीचे टेकडीवाले सावलीत, इंडेक्स चिठ्ठ्या लावत होता. उरलेलं राज्य भिंतीकडे तोंड करून उभं होतं आणि त्यात फायरही होती. तिला जळक्या तेलाचा वास आला. मागे वळायची तिला गरज नव्हती. तिच्या कामाचा वास होता तो.

तिने तिचं काम केलं.

“फायर,” ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एकच शब्द. जोडायला दुसरा कुठला नव्हता.

मागून इंडेक्सचा आवाज आला. “झेड?”

तिच्या समोरची भिंत एवढ्या भर दुपारीसुद्धा तांबूस उजळत चालली होती, आणि त्या उजेडात भिंतीवर उभ्या राहिलेल्या पाठमोऱ्या शब्दांच्या सावल्या एकमेकींपासून सारख्याच अंतरावर होत्या.